अठीच राहशीन

परदेशातून मूल दत्तक घ्यायचं म्हणजे कागदांची थप्पी. पालकांच्या घराचा अहवाल, मुलाचा अहवाल, वैद्यकीय तपासण्या, 'कारा'चं ना-हरकत प्रमाणपत्र, पासपोर्ट, व्हिसा. भारत २००३ मध्ये हेग करारात सामील झाला, तेव्हापासून प्रत्येक पायरीला नियम आहे. मूल नव्या घरी पोचल्यावरही दोन वर्षं पाठपुराव्याचे अहवाल जात राहतात. आणि हे सगळं हवंच, कारण यात मुलांची फसवणूक होऊ शकते. पण मुलीला रात्री शू लागली तर ती ते कोणत्या शब्दांत सांगेल, हे त्या थप्पीत कुठंच नसतं.

हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी अठ्ठावीस वर्षांची, मूळची कोल्हापूरची, मिनिआपोलिसमध्ये कोड लिहिणारी. माझ्या टीम लीडनं आणि त्याच्या बायकोनं विदर्भातल्या एका संस्थेतून पाच वर्षांची मुलगी दत्तक घेतली, आणि टीममध्ये मराठी येणारी मी एकटीच. म्हणून पहिले बारा दिवस ऑफिस सुटलं की मी त्यांच्याकडे जात होते.

टीम लीड स्वतः दत्तक आहे. दक्षिण कोरियातून हजारो मुलं अमेरिकेत आली, त्यातली बरीच मिनेसोटात वाढली. हा १९८५ मध्ये आला तेव्हा चार वर्षांचा होता. म्हणजे घडाघडा बोलत असणार. आज त्याला कोरियन भाषेतला एक शब्द आठवत नाही. "आईला मी काय म्हणायचो, तेसुद्धा नाही," तो एकदा जेवताना म्हणाला होता.

फ्रान्समध्ये २००३ साली अशाच लोकांवर एक अभ्यास झाला. तीन ते आठ वर्षांच्या वयात दत्तक गेलेल्या आणि आता मोठ्या झालेल्या कोरियन माणसांना कोरियन वाक्यं ऐकवली. त्यांना ती इतर फ्रेंच लोकांपेक्षा जास्त ओळखता आली नाहीत, मेंदूच्या स्कॅनमध्येही फरक दिसला नाही. टीम लीडनं तो पेपर मला पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, की हे तिचं होऊ नये.

पहिल्या संध्याकाळी मुलगी सोफ्याच्या कोपऱ्यात बूट घालून बसली होती. बूट काढू देत नव्हती. मी मराठीत "काय गं, काय करतेस?" म्हणाले आणि ती उठून थेट माझ्या मांडीवर येऊन बसली. मग सुरू झाली. वऱ्हाडी ऐकायची सवय नसलेल्या मला निम्मंच कळत होतं. "मले वरन-भात पाह्यजे." "हे मॅडम कोन आहे?" मॅडम म्हणजे तिची नवी आई. नव्या बाबांना ती "सर" म्हणत होती. मला "ताई", कारण संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या ताईच. तिच्या हिशेबात मी स्टाफ होते.

त्याच रात्री टीम लीडच्या बायकोनं मला अगदी हळू सांगितलं, की कृपा करून तिला मांडीवर घेऊ नकोस. समाजसेविकेचा सल्ला होता: पहिले काही आठवडे भरवणं, उचलणं, रडली तर जवळ घेणं, हे फक्त आईवडिलांनीच करायचं. ज्या मुलानं एवढी माणसं बदललेली पाहिली, त्याला आपली माणसं कोणती हे असंच कळतं.

मला ते पटलं. तरी अवघड गेलं. तिचं बोलणं कळणारं त्या घरात एकच माणूस होतं आणि त्यानंच तिला जवळ घ्यायचं नव्हतं. ती हात पसरून यायची, मी खाली बसून म्हणायची, "बाबांना सांग." ती रागानं बघायची. बरोबरच होतं तिचं.

मग आम्ही कामं वाटून घेतली. मी शब्द द्यायचे, माया त्यांनी करायची. फोनवर चाळीसेक छोटी वाक्यं रेकॉर्ड केली. भूक लागली का, दुखतं का, दिवा चालू ठेवू का, शू आली का. टीम लीड ती गाडीत ऐकून पाठ करायचा.

सहाव्या दिवशी ती झोपायच्या वेळी रडायला लागली आणि दाराशी उभ्या असलेल्या मला विचारलं, "हे लोक मले वापस कवा नेऊन देतीन?"

मी भाषांतर केलं. टीम लीड काही वेळ गप्प बसला. मग मला म्हणाला, "उत्तर मी देतो. तिच्यासारखं कसं म्हणायचं ते सांग."

वऱ्हाडी मलाही नीट येत नाही. पाच दिवसांत तिच्याकडूनच जेवढी ऐकली होती, तेवढ्यातून वाक्य जुळवलं: तू आता अठीच राहशीन. त्याच्या तोंडून 'ठ' काही निघेना. "आटीच राशीन." ती रडता रडता थांबली. "अठीच," तिनं त्याला सुधारलं. त्यानं परत म्हटलं. तिनं परत सुधारलं. मग तिनं विचारलं, "किती दिवस?"

हे त्याला समजलं, 'किती' आणि 'दिवस' दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये होते. पण आकडे त्याला दहापर्यंतच येत होते. "दहा," तो म्हणाला, आणि तिचा चेहरा पडायच्या आत, "दहा, दहा, दहा, दहा..." किती वेळ म्हणत होता कोण जाणे. मी जिना उतरून खाली आले. त्या रात्री तिनं बूट काढले.

आता आठ महिने झालेत. मराठी गळत चालली आहे. आधी वाक्यं गेली, मग क्रियापदं. उरलेत 'वरन', 'शू', 'अठी'. मी रविवारी तासभर बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते. नेदरलँड्समधल्या २०१७ च्या एका अभ्यासात मात्र थोडा दिलासा आहे: लहानपणी दत्तक गेलेल्या कोरियन लोकांना मोठेपणी शिकवल्यावर कोरियन उच्चार इतर डच लोकांपेक्षा चांगले जमले. म्हणजे शब्द पुसले तरी कुठंतरी काहीतरी राहत असावं. टीम लीडनं यंदा कोरियनचा वर्ग लावलाय.

मागच्या रविवारी ती सायकलवरून पडली. मी दोन पावलांवर होते, तो अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. ती उठली आणि माझ्या शेजारून "डॅडी, डॅडी" करत त्याच्याकडे पळाली. मी पुढे केलेला हात मागे घेतला. थोडं वाईट वाटलं. पण पहिल्या दिवसापासून आम्ही सगळे ज्यासाठी धडपडत होतो, ते हेच होतं.