परभणीत ऐकलेला मेघ

मृग कोरडा गेला की परभणीच्या संध्याकाळी जड होतात. पेरणी करून बसलेली माणसं आभाळाकडे बघत बोलतात आणि ते बोलणं फार लांबत नाही. अशा दिवसांत मी जॅझची एक जुनी तबकडी ऐकतो. १९६६ साली निघालेल्या या तबकडीचं नाव ‘इंडो-जॅझ सूट’. तिच्यावर चार रचना आहेत. एक राग मेघ, एक गौडसारंग. गौडसारंग दुपारचा राग. वैशाखातली मराठवाड्याची दुपार ज्यानं काढली आहे, त्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आणि मेघ ऐकण्याचा आमचा अधिकार तर त्याहून जुना आहे.

या तबकडीवर दोन पंचकं एकत्र बसली आहेत, एक जॅझचं आणि एक हिंदुस्थानी वाद्यांचं. रचना जॉन मेयर यांच्या. ते कोलकात्याचे, शिष्यवृत्तीवर लंडनला गेलेले व्हायोलिनवादक. आल्टो सॅक्सोफोनवर जो हॅरियट, सतारीवर दिवाण मोतीहार, तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर. आणि तबल्यावर केशव साठे.

साठे हे नाव वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. हे संगीत दूर देशीचं, आपण ते दारात उभं राहून ऐकायचं, अशी माझी समजूत होती. या एका नावानं मला आत बोलावलं. तेव्हापासून कुठलीही तबकडी घेतली की मी आधी बारीक अक्षरांतली नावं वाचतो. मुखपृष्ठावरचं नाव सगळ्यांना माहीत असतं. पुढची वाट मागच्या बाजूला छापलेली असते.

केशव साठे १९२८ साली मुंबईत जन्मले. जो हॅरियटही १९२८चेच, जमैकातल्या किंग्स्टनचे. त्यांचं बालपण जोगिणींनी चालवलेल्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये गेलं आणि वाद्य हाती आलं तेही तिथेच. समुद्राच्या दोन टोकांना वाढलेली ही दोन मुलं अडतिसाव्या वर्षाच्या आसपास लंडनच्या एका स्टुडिओत समोरासमोर बसली. हॅरियटचा स्वर धारदार आहे. जॅझमधला वादक एरवी बदलत्या स्वरसंघांच्या आधारानं पुढे सरकतो. इथे तो आधार काढून घेतला आहे, खाली आहे तो एकच षड्ज. हॅरियट त्या मोकळ्या जागेला बिचकत नाहीत. १९६०मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘फ्री फॉर्म’ या तबकडीतच त्यांनी ठरीव चौकटी सोडून दिल्या होत्या. त्याच सुमारास अमेरिकेत ऑर्नेट कोलमन हेच करत होते. कोलमन जगभर गेले. हॅरियट १९७३मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी वारले, तेव्हा त्यांच्या वाट्याला मान थोडाच आला होता.

परभणीच्या माणसाला हे दुःख ओळखीचं आहे. आमचे बी. रघुनाथ १९५३ साली गेले तेव्हा जेमतेम चाळिशीचे होते. निजामाच्या राजवटीत सरकारी नोकरी करत त्यांनी कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या आणि पुण्या-मुंबईच्या वाचकांपर्यंत त्यांची योग्यता उशिरा पोचली. लेखन उणं नव्हतं, अंतर जास्त होतं. कमी ऐकलेल्या तबकड्यांचंही तेच असतं. त्या मागे पडतात त्या बहुतेक वेळा कमी छापल्या गेल्या म्हणून, दूर कुठेतरी निघाल्या म्हणून. संगीत त्याला जबाबदार नसतं.

साठ्यांचं नाव धरून पुढे गेलं की जर्मनीतलं फिलिंगेन गाव लागतं. तिथे १९६७मध्ये ‘जॅझ मीट्स इंडिया’ ध्वनिमुद्रित झाली. पियानोवर स्वित्झर्लंडच्या इरेन श्वायझर, सोबत पुन्हा मोतीहार आणि साठे. त्यातल्या एका रचनेचं नाव ‘ब्रिगाख अँड गँजिस’. ब्रिगाख ही फिलिंगेनची छोटी नदी, ज्या दोन नद्या मिळून पुढे डॅन्यूब होते त्यांतली एक. या तबकडीत मानी नॉयमायर यांचा ड्रम आणि साठ्यांचा तबला एकमेकांना जागा देत जातात, आणि ठेका नेमका कुणाच्या हातून सुटला आणि कुणी झेलला, हे शोधताना ऐकणारा रंगून जातो.

साठ्यांच्या आधीचा काळ ऐकायचा तर मुंबईला यावं लागतं. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्या सुरांना कान देणारे गोव्याचे वादक तयारीचेच होते. चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवलं जाई. आल्दोन्याचा आंतोनियो झेवियर वाझ हा त्यांतलाच एक. ट्रम्पेट हाती घेतल्यावर तो चिक चॉकलेट झाला आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. ‘अलबेला’ आठवतो? १९५१चा. त्यातल्या ‘दीवाना ये परवाना’मध्ये चिक आपल्या वादकांसह पडद्यावर दिसतो. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. पुणतांबे गोदावरीकाठी आहे. तेच पाणी पुढे पैठण करून आमच्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेडच्या शिवारांतून जातं. ते गाणं आमच्याकडे वरातीत क्लॅरिनेटवर वाजतं, तेव्हा न्यू ऑर्लिन्सचा ठेका जनाबाईच्या गंगाखेडात आलेला असतो. कुणी त्याला जॅझ म्हणत नाही, पण पाय बरोबर पडतात.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. विनाइल येण्यापूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असत. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. जगाला लाख पुरवणारा मुख्य देश आपला, आणि त्यात छोटा नागपूरच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांचा वाटा मोठा. शिकागोत बसून आर्मस्ट्राँग जे वाजवत होते, ते जपून ठेवणाऱ्या तबकड्यांत आपल्या रानातली लाख होती. आपल्याकडच्या तबकड्या कोलकात्याजवळ दमदमच्या कारखान्यात निघत. बालगंधर्वांची पदं, कव्वाल्या, चिक चॉकलेटच्या बँडची गाणी, सगळं त्याच लाखेवर कोरलं गेलं. मग यातलं परकं काय उरलं?

पुढच्या दशकांतही वाट थांबत नाही. १९७०च्या सुमाराला गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विसनी सॅक्सोफोनवर राग घेऊन ‘रागा रॉक’ काढली. १९७८मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जॅझ यात्रा सुरू केली आणि सॉनी रोलिन्ससारखा दिग्गज त्या वर्षी इथे येऊन वाजवून गेला. त्या मैफलींना परभणीहून किती जण जाऊ शकले असतील? आता तसं अंतर राहिलेलं नाही. मोबाइलवर नाव टाकलं की पन्नास-साठ वर्षं मागे पडलेली तबकडी हाती येते. अडचण एवढीच आहे की आधी नाव माहीत असावं लागतं.

म्हणून वाचकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. जुन्या वाड्याच्या माळ्यावर लाखेच्या तबकड्या असतील, तर त्या भंगारात देऊ नका. वरची लेबलं नीट वाचा, वादकांची नावं उतरवून ठेवा. आणि जॅझ आपल्यासाठी नाही असं वाटत असेल, तर सुरुवात राग मेघापासून करा. तबल्यावर आपले केशव साठे आहेत.