चावी काढून घेतल्यानंतरची सहल

काटेवाडी हे रस्त्यावरचे गाव. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली की येथे तिच्याभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. एस.टी., उसाचे ट्रक आणि दुधाचे टेम्पो यांवर या पट्ट्यातील अनेकांनी आयुष्य काढले. साहजिकच माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांमध्ये निवृत्त चालक पुष्कळ. त्यांच्या तक्रारी कंबर, गुडघे आणि साखरेच्या असतात. एक दुखणे मात्र केसपेपरवर येत नाही. नजर अधू झाली, हातपाय मंदावले, म्हणून घरच्यांनी गाडीची चावी काढून घेतलेली असते. निर्णय बहुधा योग्यच असतो. परंतु ज्याने तीस वर्षे इतरांना मुक्कामी पोहोचवले, तो त्या दिवसापासून मागच्या सीटवर बसवून न्यायचा माणूस होतो आणि हळूहळू बोलेनासा होतो.

अशा घरांना मी अलीकडे एक सहल सुचवतो : वाहनांच्या संग्रहालयाची. देवदर्शन आणि लग्नकार्य यांखेरीज वृद्धांना बाहेर नेण्याचे कारण आपल्याला सहसा सुचत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आमच्याकडून सोयीचे ठिकाण म्हणजे अहिल्यानगर, पूर्वीचे अहमदनगर. दौंडला भीमा ओलांडून काष्टीमार्गे जावे. महाराष्ट्रातील एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून याच नगरला गेली होती. जुन्या चालकाला ही आठवण वाटेतच करून द्यावी. तेथे लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने 1994 मध्ये उभारलेले रणगाडा संग्रहालय आहे. नाव मोठे, तरी शिर्डीला जाणाऱ्या हजारो गाड्या त्याच शहरातून न थांबता पुढे जातात. पहिल्या महायुद्धाच्या काळातील रोल्स रॉईसची चिलखती मोटार, दुसऱ्या महायुद्धातील चर्चिल, व्हॅलेंटाईन, 1965 च्या युद्धात हस्तगत केलेले पॅटन रणगाडे आणि आवडी येथे बनलेला आपला विजयंता, अशी सुमारे पन्नास वाहने तेथे उघड्यावर मांडलेली आहेत.

माझे एक रुग्ण, निवृत्त एस.टी. चालक, मागील हिवाळ्यात मुलगा व सुनेबरोबर तेथे गेले. त्यांना विस्मरणाचा त्रास सुरू झाला आहे. नातवंडांची नावे अडखळतात. रणगाड्याला मोटारीसारखे स्टिअरिंग नसताना तो वळतो कसा, असा प्रश्न सुनेने सहज विचारला. त्यावर ते म्हणाले, बैलगाडी वळवताना एका अंगाचा बैल थोपवतात, तसा एका बाजूचा पट्टा थोपवायचा. उत्तर तत्त्वतः अचूक आहे. मग जुन्या गाड्यांना गिअर टाकताना क्लच दोनदा कसा दाबावा लागे, हे त्यांनी उभ्याउभ्या पायाने करून दाखवले. मुलगा मला म्हणाला, ‘‘डॉक्टर, अण्णा एवढे सलग बोलल्याला वर्ष झालं असेल.’’

यात चमत्कार नाही, आणि आजार बराही होत नाही. नावे, तारखा, कालचे जेवण यांची स्मृती लवकर पुसट होते. हातापायांनी वर्षानुवर्षे केलेल्या कामाची स्मृती त्या मानाने पुष्कळ काळ टिकते. म्हणून सोबत असणाऱ्यांनी ‘‘अण्णा, ही कोणती गाडी, ओळखा पाहू?’’ अशी परीक्षा घेऊ नये. नाव आठवले नाही की माणूस चारचौघांत ओशाळतो. ‘‘हे कसं चालवायचं?’’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. आपल्याला हे थांबणेच जमत नाही.

आता प्रवासाचे. विश्रांती धरून जायला साडेतीन तास ठेवावेत. दर दीड-दोन तासांनी उतरवून पाच मिनिटे फिरवावे, बसल्या जागी घोटे वर-खाली करायला सांगावे. पाय लोंबकळत ठेवून फार वेळ बसल्यास पायांना सूज येते, क्वचित रक्ताची गुठळीही होते. स्वच्छतागृहाच्या धास्तीने वृद्ध, विशेषतः आजीबाई, पाणीच पीत नाहीत आणि मग चक्कर येते. लघवीची गोळी चालू असल्यास त्या दिवशी ती परस्पर टाळू नये. वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण लांबवणे सर्वांत धोक्याचे. इन्सुलिन गाडीच्या डॅशबोर्डवर तापू देऊ नये.

संग्रहालयाचे आवार मोठे व उन्हाचे आहे. हिवाळ्यातील सकाळ निवडावी, घडीचे स्टूल न्यावे, तापलेल्या पोलादाला हात लावू देऊ नये. परिसर लष्करी असल्याने ओळखपत्र जवळ असावे. सगळे रणगाडे पाहून झाले पाहिजेत असा हट्ट नको. तासाभरात चेहरा थकलेला दिसला की परत फिरावे.

एवढे चालणे झेपत नसेल, तर पुणे बरे. कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. त्यात महायुद्धातील छत्रीधारी सैनिकांची घडीची सायकलही आहे. पण तेथे जिने आहेत, गुडघेदुखी असणाऱ्यांनी विचार करून जावे. त्याहून सोपे कोथरूडचे जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय, 1998 पासूनचे. तेथे खुर्चीवर बसून चिमुकल्या आगगाड्यांचा खेळ पाहायचा असतो. दौंड-बारामती मार्गावर पूर्वी अरुंद रुळांची गाडी धावत असे. त्या गाडीतून प्रवास केलेले कोणी घरात असेल, तर त्यांना पुढच्या रांगेत बसवावे. खेळ सुरू होण्यापूर्वी श्रवणयंत्र कानात आहे ना, तेवढे पाहावे.