‘बघू तरी’ची किंमत

मनवेलपाड्यात पत्ते म्हटले की तीन पत्ती, आणि पोकर शिकणाऱ्याची तीच पहिली अडचण. ब्लाइंडवाला पाने न बघता निम्म्या किमतीत चाल करतो आणि त्याच्या धीटपणाचं कौतुक होतं. तिथे ते चालून जातं. तीन पानांच्या 22100 शक्य हातांपैकी 16440 हातांत साधी जोडीही नसते. (ट्रेलचे हात 52, प्युअर सिक्वेन्सचे 48, तरी ट्रेल वरचढ. नियम करणाऱ्याने मोजायचे कष्ट घेतले नसावेत.) पोकरमध्ये मात्र टेबलावर पाने उघडी पडत जातात. दिसत असूनही न मोजणं याला धीटपणा कसा म्हणायचा?

ऑगस्ट 2025च्या केंद्रीय कायद्याने पैशांचं ऑनलाइन पोकर बंद झालं, तशी फोनवर खेळणारी मुलं आमच्या गच्चीवर येऊन बसू लागली. आमच्या डावात पैसे नसतात, काड्यापेटीतल्या काड्या असतात. ज्याच्या संपतील त्याने सगळ्यांचा चहा करायचा. तेवढ्यानेही काडीला किंमत येते.

हातात दोन बदाम, टेबलावरच्या चार पानांत आणखी दोन. सहा पाने दिसली, 46 राहिली, त्यांत बदाम नऊ. म्हणजे नऊ वेळा फ्लश, सदतीस वेळा काही नाही. मध्ये 40 काड्या आहेत आणि समोरच्याने 10 लावल्या. मी 10 देऊन 50 मिळवू बघतोय. हाच प्रसंग 46 वेळा आला तर 370 जातील, 450 येतील. कॉल. त्याने 20 लावल्या असत्या तर 740 जाऊन 540च आल्या असत्या. पाने तीच, समोरचा तोच, पण आता टाकायची. मुलांना हे पटायला वेळ लागतो. ‘काका, चार बदाम जमलेत!’ जमलेत, पण महाग आहेत.

गणित इथे संपत नाही. बदाम पडल्यावर समोरचा आणखी 23 काड्या देईल अशी खात्री असेल, तर 20चा कॉलही वसूल होतो. उलट टेबलावर जोडी असेल, तर त्याचं फुल हाउस आधीच झालेलं असू शकतं. मग नऊच्या नऊ बदाम फुकट. महाभारतातला ऋतुपर्ण रथातून बेहड्याच्या झाडाची पानं-फळं मोजून सांगतो, आणि नल ती खरोखर मोजून बघतो. मला त्या गोष्टीत नलाचा संशय जास्त आवडतो. हातातले आकडेही असेच संशयाने पुन्हा मोजावे लागतात.

सगळ्यात जास्त काड्या जातात त्या शेवटच्या पानानंतर. आता काही यायचं उरलेलं नसतं, उरते ती उत्सुकता: ‘बघू तरी काय आहे त्याच्याकडे!’ मध्ये 40 आणि त्याने 40 लावल्या, तर 40 देऊन 80 मिळवायच्या. तिनांतून एकदा तो थाप मारत असेल तर बरोबरी, त्याहून जास्त मारत असेल तरच फायदा. मध्ये आधी घातलेल्या माझ्या काड्या या हिशेबात माझ्या नाहीत. आमच्या गच्चीवर इतक्या थापा मारणारे दोघेच आहेत. बाकी कुणी 40 सरकवल्या, की हातात चांगली जोडी असली तरी मी पाने पालथी टाकतो.