बांधकामविद्येचें कॉलेज निवडतांना

ज्येष्ठ-आषाढ आला कीं बारावी झालेल्या मुलांच्या घरीं पंचांगाआधीं प्रवेशाचें वेळापत्रक पाहिलें जातें. यंदा आमच्या पुतण्यानें बांधकाम-अभियांत्रिकीचीच पदवी घेईन, असा हट्ट धरला आणि घरांत दोन तट पडले. संगणकाची शाखा सोडून मुलानें विटा-सिमेंटांत कां शिरावें, हें वहिनींना उमगेना. बंधूंची चिंता निराळी. खासगी कॉलेजाचें चार वर्षांचें शुल्क भरावयाचें तर गांवाकडची जमीन विकावी लागणार होती. मुलाचा कल पाहून आम्हीं त्याच्या बाजूनें कौल दिला. परंतु कॉलेज कोणतें, हा खरा पेंच त्यापुढचा.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचें नांव प्रथम तोंडीं यावें, हें स्वाभाविकच. सरकारी बांधकाम खात्यास हाताखालचीं माणसें मिळावींत म्हणून १८५४ सालीं निघालेला वर्ग हें त्याचें मूळ. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे तेथूनच १८८३ सालीं पदवीधर होऊन बाहेर पडले. १९०३ सालीं खडकवासल्याच्या धरणास बसलेले स्वयंचलित दरवाजे त्यांच्याच कल्पनेचे. परंतु तेथील जागा मोजक्या, आणि आमच्या चिरंजीवांचे गुण बेताचे.

मग उरतात तीं माहितीपत्रकें. तीं जितकीं गुळगुळीत तितकींच मुकीं! आमचें मत असें कीं, कॉलेजाच्या दर्शनी इमारतीपेक्षां काँक्रीटच्या प्रयोगशाळेमागचें अंगण आधीं पाहावें. १५० मिलिमीटर बाजूचे काँक्रीटचे ठोकळे घालून, ते २८ दिवस पाण्यांत मुरवून, मग यंत्राखालीं फोडून त्यांची ताकद अजमावतात. फुटक्या ठोकळ्यांचा ढीग अंगणांत दिसला, तर मुलांच्या हातांस तेथें काम आहे, असें खुशाल समजावें. एका कॉलेजांत (नांव कशाला सांगा!) आम्हांस यंत्र लखलखीत दिसलें, पण शेजारचा हौद मात्र ठणठणीत कोरडा. विचारतां, "परीक्षेच्या आधीं भरतों," असें उत्तर मिळालें. जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजांत भिंतींचा रंग उडालेला होता. पण भर उन्हांत मुलें टोटल स्टेशन लावून मैदानाची मोजणी करीत होतीं, आणि चुकलेलें माप मास्तर पुन्हां घ्यावयास लावीत होते. आमचा पुतण्या तेथून हलेना.

मान्यतेविषयीं एक सूचना. राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ आपली मान्यता सबंध कॉलेजास देत नाहीं. प्रत्येक अभ्यासक्रमास स्वतंत्रपणें आणि ठराविक मुदतीपुरतीच देतें. तेव्हां आपल्या शाखेस ती आहे काय, व कधीं संपते, हें स्पष्ट विचारावें. पसंतीक्रमहि विचारपूर्वक लिहावा. पहिल्या फेरींत पहिल्याच पसंतीचें कॉलेज मिळालें, तर पुढील फेऱ्यांची वाट बंद होते.

चिरंजीवांनीं तें रंग उडालेलें कॉलेज यादींत वर लिहिलें आहे. तेथील शुल्क बंधूंना झेपण्याजोगें असल्यानें जमिनीच्या गिऱ्हाइकास त्यांनीं तूर्त थांबविलें. वहिनींनीं मात्र वसतिगृहाची खाणावळ स्वतः पाहिल्यावांचून होकार देणार नाहीं, असें बजावलें आहे.