तर चुकेल

कोकणातल्या सागरी रस्त्याबद्दल माझी एकच तक्रार आहे. त्यावरून समुद्र सगळ्यांना दिसतो, गाडी चालवणाऱ्याला सोडून.

दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ताच घ्या. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला समुद्र, मध्ये आपली गाडी. लाटा अगदी चाकापाशी येऊन चौकशी करून जातात म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की मला दिसलं ते समोरून येणाऱ्या एस. टी.चं तोंड. "अहो, बघा ना किती सुंदर!" असं ही म्हणते, आणि मी मान वळवली की तीच किंचाळते, "अहो, समोर बघा!" या दोन्ही आज्ञा एकाच दमात पाळणारा नवरा अजून जन्माला यायचाय.

खरं तर मुलांना गोवा हवा होता. आईला श्रीवर्धन. ते तिचं माहेर. आई म्हणाली, "श्रीवर्धन गोव्याच्या वाटेवरच आहे की!" या हिशेबाने सगळं कोकणच गोव्याच्या वाटेवर आहे, पण आईच्या भूगोलाला आव्हान देण्याची आमच्या घरात पद्धत नाही. शिवाय माझी सुट्टी चार दिवसांची. बी. कॉम. माणसाला एवढा भागाकार येतो. गोवा बाद झाला.

ताम्हिणी घाटात कन्येला गाडी लागली. माणगावपर्यंत एक लिंबू, आवळासुपारीची एक डबी आणि माझा एक शर्ट खर्ची पडला. चिरंजीव पूर्ण वेळ मोबाईलमध्ये समुद्र बघत होते. खरा समुद्र उजव्या खिडकीत आला तेव्हा त्यांनी मान वर केली, मोबाईलमधल्याशी ताडून पाहिला आणि नापसंत केला.

श्रीवर्धनला आईने गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबवायला लावली. पेशव्यांच्या गावची मुलगी असल्याने ती हुकूम सोडते, विनंती करत नाही. इथे आजोबांची वाडी होती : नारळ आणि सुपारी. सुपारी म्हणजे श्रीवर्धनी रोठा, जिच्यापुढे इतर सुपाऱ्या आईच्या मते नुसत्या गोट्या. आजोबांमागे वाडी विकली गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली. पण आईच्या बोलण्यात ती अजून 'आपली वाडी'च. बँकेत अशा खात्याला आम्ही निष्क्रिय म्हणतो. आई त्यावर रोज व्याज लावत असे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं. इथल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पेपरातले फोटो आईने पाहिले होते, पण त्यात आपली वाडी धरली नव्हती. कुंपणापाशी ती उभी राहिली. आत कधी दुपारीही ऊन शिरत नसे म्हणायची, तिथे लख्ख ऊन पडलं होतं. मधून मधून नवी झाडं लावलेली, सुपारीची. सुपारी धरायला वर्षं लागतात, घाई चालत नाही. आत कोणी बाई पाणी सोडत होत्या. आई त्यांच्याशी दोन मिनिटं बोलली. काय बोलली ते कळलं नाही. परत आली आणि म्हणाली, "चल, तर चुकेल."

"तर... काय चुकेल, आजी?" चिरंजीवांना वाक्य अर्धवट वाटलं.

"अरे, तर! होडी!"

बाणकोटच्या खाडीत रस्ता थेट पाण्यात उतरतो. अलीकडे बागमांडले, पलीकडे वेसवी, मधून वाहते महाबळेश्वराहून आलेली सावित्री. फेरीबोटीत गाडी चढवायची, नाहीतर आंबेत-म्हाप्रळचा वळसा घालायचा. मी गाडी चढवली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. आणि एकाएकी मला काहीच काम उरलं नाही. पुण्यापासून पहिल्यांदाच दोन्ही हात मोकळे. समोर बघा म्हणायला समोर फक्त पाणी. वर बाणकोटचा किल्ला, खाडीच्या तोंडाशी समुद्र, सगळं स्वस्थपणे बघून घेतलं. पैसे माणशी आणि गाडीमागे घेतात. समुद्राचे वेगळे लावत नाहीत. आता या मार्गावरच्या खाड्यांवर पूल बांधायचं ठरलं आहे. लोकांची सोय होईल, रात्री-अपरात्री पेशंट पलीकडे नेता येईल, हे मलाही पटतं. फक्त ड्रायव्हर मंडळींच्या वतीने माझी हरकत नोंदवून ठेवावी.

आई कठड्याला धरून उभी होती. मी शेजारी गेलो. तिने मूठ उघडली. आत नारिंगी सालीच्या तीन सुपाऱ्या.

"त्या बाईंनी दिल्या. म्हणाल्या, हे झाड जुनं आहे, वादळातून राहिलेलं. माझ्या बापाने लावलेलं असणार."

"कशावरून?"

"विहिरीच्या डाव्या हाताचं आहे ना!"

यापेक्षा कमी कागदपत्रांवर मी कर्जं मंजूर झालेली पाहिली आहेत. मी मान डोलावली.

"पुण्यात रुजेल का हो ही?" आईने कोणालाच उद्देशून न विचारता विचारलं. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीत तुळस, वाळत घातलेले कपडे आणि चिरंजीवांची मोडकी सायकल.

"सायकल काढू की," चिरंजीव मोबाईल खिशात घालत म्हणाले.

तेवढ्यात वेसवीचा धक्का आला, शिट्टी वाजली, मागच्या जीपवाल्याने हॉर्न दिला. मी धावत जाऊन गाडी सुरू केली. आई पुढच्या सीटवर बसली, सुपाऱ्या पदराच्या टोकाला बांधल्या, आणि केळशीच्या रस्त्याला लागताच म्हणाली, "अरे, तो समुद्र बघ!"

"आई, समोर बघू दे," मी म्हणालो.