सोडवतलस कधी?

आईच्या पाटल्या तिच्या लग्नासाठी घडवलेल्या नव्हत्या. तिचं लग्न १९६५ सालचं, आणि तो काळ सुवर्ण नियंत्रणाचा. चीनबरोबरच्या युद्धानंतर परकीय चलन वाचवायचं म्हणून मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, १९६३च्या जानेवारीत नियम निघाला होता की चौदा कॅरटहून शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायचा नाही. चौदा कॅरटला आमच्या कणकवलीकडे कुणी सोनं म्हणायलाच तयार नव्हतं. शेवटी आजीनं स्वतःच्या हातातल्या जुन्या पाटल्या उतरवून मुलीच्या हातात चढवल्या. आत लाख भरलेली, वर नक्षी. घरात सगळे त्यांना 'तीन तोळ्यांच्या पाटल्या' म्हणत. लाख वजा केली तर निव्वळ सोनं किती, हे कुणी कधी पाहिलं नव्हतं, कारण त्या तराजूत घालायची वेळच आली नव्हती.

ती वेळ १९८२ साली आली. १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांमध्ये संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. बाबा लालबागच्या एका गिरणीत साळखात्यात होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आमच्या चाळीत त्या पहिल्या आठवड्यात सणासारखं वातावरण होतं, आणि त्याला कारण होतं. आठ वर्षांपूर्वी, १९७४ साली मोठा संप झाला होता, तो बेचाळीस दिवस चालला होता. लोकांनी मनात तोच आकडा धरला. बेचाळीसचे फार तर साठ होतील. संपाचे पुढारी दत्ता सामंत आहेत, पगार चांगला वाढवून आणतील. तेवढे दिवस वाण्याची उधारी, गावाहून आलेले तांदूळ आणि कुळीथ यांवर निघतील. प्रत्येक घरानं आपली तजवीज त्या साठ दिवसांच्या बेतानं केली.

गिरणगावाची खरी अडचण मला फार नंतर, बँकेत काम करताना समजली. त्या वस्तीत पैसा एकाच दारातून येत होता. बाबांचा पगार गिरणीतून. आईच्या खाणावळीत जेवणारे आमच्या गावचे गडी, त्यांचा पगारही गिरणीतून. खालचा वाणी उधारी देई ती गिरणीच्या पगाराच्या भरवशावर. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खाणावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून दिलं; त्या बायकांचं गिऱ्हाईकही गिरणी कामगारच. भोंगा बंद झाला तसे हे सगळे एकाच दिवशी बसले. एकाच्या घरी चूल थंडावली तर शेजाऱ्यानं हात द्यावा, अशी चाळीची रीत होती. पण इथे शेजाऱ्याचीही तीच गत होती.

मे महिन्यात आईनं एक पाटली उतरवली. पेढीवर तिच्याबरोबर मी गेले होते. पेढीवाल्यानं लाखेचा अंदाज धरून वजन कमी केलं, कस लावला, आणि पाटली सव्वा तोळ्याची ठरवली. हजार रुपये दिले, दरमहा शेकडा दोननं. महिन्याला वीस रुपये व्याज. ते भरलं नाही तर मुद्दलात जमा. आईला लिहितावाचता जेमतेम येत होतं, पण हे गणित तिनं तिथेच उभ्या उभ्या तोंडी केलं. परत येताना ती फक्त एवढंच म्हणाली की पावसाळा संपायच्या आत सोडवायला हवी.

पावसाळा संपला, गणपती होऊन गेले, संप मिटला नाही. कुणी म्हणे दसऱ्याला मिटेल, कुणी म्हणे दिवाळीला. सरकार ढिम्म हलत नव्हतं. कामगारांना आपल्या पसंतीची संघटना हवी होती आणि १९४६च्या कायद्यानं मान्यता भलत्याच संघटनेला दिलेली. त्या गाठीपाशी सगळं अडलं होतं. शेजारपाजारच्या बायका दुसरा, तिसरा डाग घेऊन पेढीवर जात होत्या. पहिल्याचं व्याज भरायला दुसरा गहाण. त्या बायका अडाणी नव्हत्या. दागिना मोडणं म्हणजे घर मोडल्यासारखं, आणि गहाण म्हणजे तो अजून आपलाच, ही भावना फार खोल होती. मिटेलच आता, या आशेवर त्या एकेक महिना ढकलत होत्या.

आईनं दिवाळीच्या आधी वेगळंच केलं. पाटली सोडवायला पैसे नव्हतेच; तिनं ती मोडूनच टाकली. त्या वर्षी सोनं दहा ग्रॅमला सोळाशे-सतराशे रुपयांच्या घरात होतं. घट, मुद्दल, व्याज वजा जाऊन आठ-नऊशे रुपये हातात आले. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. चाळीत कुजबुज झाली. आईनं वाण्याची निम्मी उधारी भागवली, उरलेल्यातून एक जादा स्टोव्ह, दोन मोठी पातेली आणि डबे घेतले, आणि लालबागहून चालत परळला गेली. तिथे के.ई.एम. रुग्णालय, टाटा रुग्णालय. के.ई.एम.मधल्या कारकुनांचा पगार महापालिकेचा. टाटाला येणारे रुग्ण तर देशभरातून, त्यांच्या नातेवाइकांना घरचं जेवण हवं असे. भोंगा वाजो न वाजो, या माणसांच्या हातात पैसा होता. वर्षभरात तिचे डबे वीसच्या वर गेले. बाबा पुढे कधीच गिरणीत परतले नाहीत; मशीद बंदरच्या एका गोदामात लागले. तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. त्याला शेवटची तारीखच नाही.

मला आईच्या त्या निर्णयाचं मोल वाटतं ते याच कारणानं. तिला अर्थशास्त्र कळत होतं असं मी म्हणणार नाही. पण मंदीत सगळ्यांत घातक गोष्ट हातातला पैसा कमी असणं ही नसून मुदत ठाऊक नसणं ही आहे, हे तिला त्या सहा महिन्यांत उमगलं. गहाण ठेवणं म्हणजे वेळ विकत घेणं. वेळ कशासाठी हवा आणि किती हवा, हे माहीत असेल तरच तो सौदा परवडतो.

१९९० साली मी एका नागरी सहकारी बँकेत कारकून म्हणून लागले, आणि पुढच्याच वर्षी साऱ्या देशानं हाच सौदा केला. परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं. मे महिन्यात सरकारनं स्टेट बँकेमार्फत वीस टन सोनं स्वित्झर्लंडमधल्या बँकेला, परत घेण्याच्या अटीवर विकलं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेनं जवळपास सत्तेचाळीस टन सोनं इंग्लंड आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे तारण ठेवलं. आमच्या शाखेत ज्येष्ठ मंडळी अक्षरशः हळहळत होती. देशावर ही पाळी यावी, याची लाज वाटत होती त्यांना. संध्याकाळी मी आईला बातमी सांगितली. ती डबे विसळत होती. तिला लाजबीज काही वाटली नाही. तिनं विचारलं, "सोडवतले कधी?"

नेमका प्रश्न तोच होता. त्या जुलैमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, महिन्याच्या शेवटी नवं औद्योगिक धोरण आलं, आणि तारण ठेवून मिळवलेल्या वेळात सरकारनं घराची घडी बदलली. ते कर्ज फिटलं. त्या धोरणाचे पुढे कुणाला फायदे झाले आणि कुणाला चटके बसले, हा वेगळा विषय आहे, आणि गिरणगावाच्या जमिनींवर उभे राहिलेले मॉल आणि टॉवर पाहताना तो मला स्वस्थ बसू देत नाही. पण तारण ठेवणाऱ्यानं काय करायला हवं, ते त्या वेळी झालं.

मी पुढे बरीच वर्षं सोनेतारण विभागात काढली. जूनमध्ये शाळेच्या फिया, गणपतीच्या आधी गावी जायचा खर्च, मार्चमध्ये दुकानदारांची देणी. या विभागाचं वर्ष असं चालतं. मूल्यांकक सोनार दागिना कसाला लावतो, खडे, लाख, मणी वजा करून निव्वळ वजन लिहितो, आम्ही त्यावर कर्ज ठरवतो. समोरचा माणूस जवळजवळ नेहमी एकच विचारतो: जास्तीत जास्त किती मिळतील? मी त्याला उलट विचारत आले की तुम्हाला नड कितीची आहे? पन्नास हजारांची नड असेल तर पन्नासच घ्या, दागिन्यावर ऐंशी बसतात म्हणून ऐंशी नको. आणि व्याज टक्क्यांत सांगून भागत नाही. वर्षाला बारा टक्के हे कानावरून जातं. पन्नास हजारांवर महिन्याला पाचशे रुपये, हे सांगितलं की माणूस थबकतो. ते पाचशे दर महिन्याला कुठून येणार, याचं उत्तर त्याच्याकडे असेल तर दागिना सुटतो. नसेल तर लिलावाची नोटीस काढताना माझाच हात जड होतो. बँकेला धंदा हवा असतो, हे मला कळतं. तरी प्रत्येक काउंटरवर हा प्रश्न विचारला गेला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

२००८च्या मंदीत माझ्या दिरांची पुण्यातली नोकरी गेली. घराचा हप्ता त्यांनी क्रेडिट कार्डावर ओढायला घेतला होता. आम्ही घरातलं सोनं तारण ठेवून ते कार्ड आधी बंद केलं, कारण त्यावरचं व्याज सोनेतारणाच्या तिप्पट होतं. नोकरी आठ महिन्यांत लागली, सोनं सुटलं. त्या वेळी मुदतीचा अंदाज खरा ठरला, एवढंच.

२०२०चं तसं नव्हतं. टाळेबंदीत बँका चालू होत्या. मुखपट्टी लावून आम्ही बसत होतो आणि काचेपलीकडे घरकाम करणाऱ्या बायका, रिक्षावाले, पोळीभाजी केंद्रवाले रांगेत उभे असत. मंगळसूत्राच्या वाट्या सुट्या करून आणलेल्या. रिझर्व्ह बँकेनं मार्चपासून ऑगस्टपर्यंत सहा महिने हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, आणि बहुतेकांची समजूत अशी की हे हप्ते माफ झाले. ते माफ नव्हते. व्याज रोज चढत होतं. वीस लाखांचं गृहकर्ज आठ टक्क्यांनी असेल तर सहा महिन्यांत सुमारे ऐंशी हजार रुपये व्याजाचेच चढतात आणि कर्जाचे महिने वाढतात. ज्यांचा पगार चालू होता अशांनीही ही सवलत घेतली. त्यांना समजावताना घसा बसायचा. ऑगस्टमध्ये व्यापारी बँकांना सोन्याच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा मिळाली. आमच्याकडे पंचाहत्तरच होते, तेव्हा लोक पलीकडच्या बँकेत जायचे. सोनं त्या महिन्यात दहा ग्रॅमला छप्पन्न हजारांच्या आसपास होतं. पुढच्या मार्चपर्यंत ते पंचेचाळीस हजारांपर्यंत उतरलं. लाखाच्या दागिन्यावर नव्वद हजार घेतलेल्याचा दागिना ऐंशी हजारांचा राहिला आणि कर्ज व्याज धरून लाखाकडे चाललं. तशा दागिन्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

त्याच वर्षी मे महिन्यात माझा भाचा आमच्याकडे आला. त्याचा लग्नकार्यातल्या जेवणावळींचा धंदा. दोन महिन्यांत एक ऑर्डर नाही, गोदामाचं भाडं चढलेलं, आचारी आणि वाढपी आठ जण, त्यातले चौघे बिहारचे, गावी जायला निघालेले आणि पगार थकलेला. आजीची उरलेली पाटली तारण ठेवू का, असं विचारायला आला होता. आई पंचाहत्तरीची. सोफ्यावर बसून तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोडवतलस कधी?"

तो गप्प राहिला. लग्नं पुन्हा दोनशे पानांची कधी होतील, हे त्या मे महिन्यात कोण सांगणार होतं?

"मग मोड," आई म्हणाली.

पाटली मोडली. सोनारानं लाख वितळवून काढली तेव्हा निव्वळ वजन सव्वा तोळ्याहून थोडं जास्तच भरलं. त्यातून आठही जणांचे दोन महिन्यांचे पैसे चुकते केले, बिहारच्या चौघांना वाटखर्च दिला, गोदाम रिकामं करून अनामत परत घेतली. टेम्पो तेवढा ठेवला. वर्षभर भाच्यानं तो स्वतः चालवला, पहाटे वाशीच्या बाजारातून भाजी उचलून सोसायट्यांना पोचवली. लग्नं पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यानं धंदा लहान प्रमाणात पुन्हा मांडला. जुन्यांपैकी पाच जण परत आले.

माझ्या भावाला मात्र ही गोष्ट अजून टोचते. त्याच्या म्हणण्यात तथ्यही आहे. २०२५ साली सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे गेलं तेव्हा त्यानं मला फोन करून हिशोब मांडला: पाटली तारण ठेवली असती, दीड वर्ष व्याज भरलं असतं, तरी ती आज घरात असती आणि तिची किंमत दुपटीहून जास्त झाली असती. आजीची शेवटची वस्तू गेली नसती. आकडे बरोबर आहेत, मी ते तपासले. पण दीड वर्ष हा आकडा त्याच्याकडे आज आहे. त्या मे महिन्यात तो कुणाकडेही नव्हता, आणि दरमहा व्याज भरायला भाच्याच्या हातात काहीही नव्हतं. माझ्या विभागातून लिलावाला गेलेल्या पाकिटांवरची नावं मी त्याला सांगू शकत नाही, पण ती मला आठवतात. आम्हा दोघांचं यावर एकमत झालेलं नाही, होईल असं वाटतही नाही. आईला या वादात रस नसतो. सोन्याचा भाव तिनं एकदाही विचारला नाही. बिहारच्या त्या चौघांपैकी जे परत आले नाहीत त्यांना पैसे पुरे मिळाले होते ना, हे मात्र तिनं भाच्याला पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली आहे.