न ठिबकणारी गळती

गळती म्हटली की ठिबकणे आलेच, अशी आपली सर्वांची समजूत असते. कोकणात आपल्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत. तेलाचे भांडे फुटले की जमीन ओली होते, हे आपणांस वेगळे सांगावयास नको. परंतु होडीच्या डिझेल इंजिनात एक गळती अशी असते की तीतून थेंबही बाहेर येत नाही. उलट बाहेरची हवा आत शिरते.

अश्दोद येथे आमच्या भाच्याची लहान होडी आहे. गेल्या हिवाळ्यात तिचे इंजिन धक्क्याशी शांतपणे चाले, आणि बंधाऱ्याबाहेर वेग वाढविताच गुदमरून बंद पडे. आपल्या किनाऱ्यावर हिवाळी वादळाचा वारा बहुधा पश्चिमेचा. बंद पडलेली होडी तो बंधाऱ्याच्या दगडांवरच नेतो. एका कारागिराने काही न तपासताच इंजेक्शन पंप बदलावयास सांगितले. भाचा मात्र रोज फिल्टरवरचा स्क्रू सैल करी, हातपंप मारून हवा काढी आणि इंजिन पुन्हा चालू करी. या कामात त्याचा हात इतका बसला की त्यालाच तो उपाय समजू लागला! हवा काढल्याने हवेची वाट बंद होत नाही.

टाकी इंजिनाच्या खालच्या पातळीवर असली की लिफ्ट पंपाला डिझेल ओढून घ्यावे लागते. म्हणून टाकीपासून त्या पंपापर्यंतच्या नळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, आणि सैल सांध्यातून डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. पंपाच्या पुढे दाब उलटा. तेथील गळती ओलाव्याने स्वतःच दिसते. वेग वाढला की ओढ वाढते, म्हणून धक्क्यावर शहाणे असलेले इंजिन समुद्रात रुसते.

गणित चुकले की एकेक पायरी मागे जावे, असे आम्ही वर्गात सांगत आलो; येथेही तेच केले. होडी दोरांनी घट्ट बांधून, डिझेलचा स्वच्छ डबा इंजिनाजवळ ठेवला व त्यातून थेट लिफ्ट पंपाला नळी दिली. गिअर घालून वेग वाढविला, तरी इंजिन अर्धा तास अडखळले नाही. इंजेक्शन पंप निर्दोष ठरला. केवढा खर्च वाचला! मग पारदर्शक नळीचा एक तुकडा मध्ये बसवून जुने भाग एकामागून एक परत जोडले. पाणी वेगळे करणारा फिल्टर जोडला, त्याच्या झाकणाचे रबरी कडेही ठीक निघाले. शेवटी टाकी जोडताच बुडबुडे दिसू लागले.

भाच्याला तेव्हा आठवले, की टाकी भरलेली असताना ही खोड कधीच नसे. टाकीत उतरणारी नळी बाहेर काढली, तो वरच्या टोकाजवळ केसाएवढी चीर होती. टाकी भरलेली असता ती डिझेलखाली बुडे, अर्धी झाली की उघडी पडे. नवी नळी आणि तांब्याचे नवे वॉशर बसविले, एकदाच हवा काढली, आणि पुढच्या रविवारी अर्ध्याच टाकीवर भाचा बंधाऱ्याबाहेर जाऊन आला.